वारा नव्हताच

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि एक सरफेस ग्राइंडर. ग्राइंडरवर जॉब धरायला मॅग्नेटिक चक असतो. जॉब ठेवायचा, दांडा फिरवायचा, जॉब चिकटला. काम झालं की तो डीमॅग्नेटायझरवरून फिरवून घ्यायचा, नाहीतर गिऱ्हाईक ओरडतं की तुमच्या पार्टला चुरा चिकटून येतो. लोखंड आणि चुंबक यांच्याशी माझी तीस वर्षांची ओळख आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना तुम्हाला ते उपयोगी पडेल. मला पडलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मी विमान चालवतो. पोटासाठी नाही, हौस म्हणून. बेचाळिसाव्या वर्षी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं. त्याला किमान 40 तास उड्डाण लागतं आणि त्यात एकट्याने केलेली 150 नॉटिकल मैलांची फेरी असावी लागते. त्या पैशात आमच्या ओळखीतल्या लोकांनी कर्जत-नेरळकडे प्लॉट घेतले. मी तास घेतले. क्लब खानदेशात आहे. शुक्रवारी संध्याकाळी शटर ओढायचं, माजिवड्याला आग्रा रोडला लागायचं, मग भिवंडी बायपास, कसारा, नाशिक, चांदवड, मालेगाव असं करत रात्री मुक्कामाला पोचायचं. शनिवारी सकाळी गार हवेत तास-दीड तास उडायचं आणि रविवारी त्याच रस्त्याने परत. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला तेव्हा सोसायटीतले सगळे मला म्हणाले, "काका, आता तुमची सोय झाली." त्यांना कसं सांगणार, की जिथे एअरबस उतरतात तिथे चार सीटच्या सेसनाला कोणी दारातही उभं करत नाही. माझा आग्रा रोड काही सुटलेला नाही.

आता टॅब्लेट.

मी शिकलो तेव्हा कागद होता. दहा लाखांत एक प्रमाणाचा नकाशा, त्यावर पेन्सिलने ओढलेली रेघ, दर दहा मैलांवर आडवी खूण, आणि वाऱ्याचं गणित करायला ई-सिक्स-बी नावाची फिरती चकती. आमचे सर वायुसेनेतून निवृत्त झालेले. त्यांचा एकच मंत्र होता: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. म्हणजे घड्याळात बघायचं, इतकी मिनिटं झाली, तर नकाशावर आपण इथे असायला हवं, तर खाली अमुक नदी दिसायला हवी. मग खिडकीतून ती नदी शोधायची. उलटं करायचं नाही. आधी खाली नदी बघितली की माणूस नकाशात सोयीची नदी शोधतो, आणि खानदेशात पावसाळा संपला की सगळ्या नद्या सारख्याच दिसतात. वाळू आणि मध्ये पाण्याची दोरी.

टॅब्लेटने हा क्रमच मोडला. त्यात निळा ठिपका म्हणजे तुम्ही आणि जांभळी रेघ म्हणजे तुमचा मार्ग. घड्याळ, नकाशा, जमीन तिन्ही एका काचेखाली. आयपॅड 2010 साली आला आणि दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांनीही तो कॉकपिटात घेतला. अमेरिकन एअरलाइन्सने 2013 मध्ये पायलटांच्या 35 पौंडी, म्हणजे जवळपास सोळा किलोच्या, कागदी बॅगा बंद करून टॅब्लेट दिले. अमेरिकेतल्या छोट्या विमानवाल्यांची तर चंगळ आहे. तिथे सरकारी नकाशे डिजिटल स्वरूपात फुकट मिळतात, आणि जमिनीवरच्या केंद्रांवरून हवामानही 978 मेगाहर्ट्झवर थेट टॅब्लेटमध्ये उतरतं, तेही फुकट. आपल्याकडे असलं काही नाही. आपण एअरपोर्ट्स ऑथॉरिटीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून घ्यायच्या, दर 28 दिवसांनी बदल तपासायचे, आणि हवामानासाठी निघण्यापूर्वी फोन लावायचा.

माझा पहिला टॅब्लेट मी फसून घेतला. दुकानदाराने नाही फसवलं, मीच. सिमवाला आणि बिनसिमचा यांत किमतीचा चांगलाच फरक होता. मला वाटलं, आकाशात सिम कशाला? बिनसिमचा घेतला. नौपाड्यात घराच्या गच्चीवर लावून पाहिला तर ठिपका बरोबर आमच्या बिल्डिंगवर. खूश. खानदेशात विमानात बसून वर गेलो, तर ठिपका गायब. झालं होतं असं, की बिनसिमच्या आयपॅडमध्ये जीपीएसचा रिसीव्हरच नसतो. ठाण्यात तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायवरून जागा ओळखत होता. तीन हजार फुटांवर कुणाचं वाय-फाय? मग साबणाच्या वडीएवढा ब्लूटूथ जीपीएस वेगळा घ्यावा लागला आणि वाचवलेले पैसे त्यात गेले.

नंतरची शिक्षणंही अशीच. पोलराइज्ड गॉगल घालून टॅब्लेट आडवा केला आणि स्क्रीन काळा झाला. मला वाटलं मेला. उभा केला, जिवंत. मे महिन्यात एकदा ग्लेअरशील्डवर, म्हणजे डॅशबोर्डच्या वरच्या काळ्या पट्टीवर, काचेखाली उन्हात ठेवला. आयपॅडला कंपनी 35 अंशांपर्यंतचीच हमी देते, आणि खानदेशच्या मे महिन्यात 35 अंश पहाटे असतात. पंधरा मिनिटांत नकाशा गेला आणि थर्मामीटरचं चित्र आलं: आधी थंड होऊ द्या. चार्जिंगला लावलेला असेल तर हे आणखी लवकर होतं. एकदा ऐन उतरायच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज नकाशाच्या वरच्या पट्टीवर येऊन बसला: उद्या पाणी येणार नाही. तेव्हापासून विमानात बसलं की टॅब्लेट विमान मोडवर. नाव वाचून आधी कधी डोक्यात आलं नव्हतं, की हा मोड खरंच विमानासाठी आहे.

आणि बोट. याबद्दल कोणी बोलत नाही. दुपारी खालून गरम हवा उसळते, विमान खडखडत असतं, आणि तुम्हाला वाटाण्याएवढ्या बटणावर बोट टेकवायचं असतं. तर्जनी हवेत धरली की ती कुठेही पडते. अंगठा टॅब्लेटच्या कडेला रोवायचा आणि मग तर्जनी टेकवायची, जसं कारागीर व्हर्नियर धरताना करंगळी जॉबवर टेकवतो. त्यासाठी टॅब्लेट घट्ट बसलेला हवा, मांडीवर डुलणारा नको. म्हणून मी होल्डर बनवायला घेतला.

आता लक्ष द्या. होल्डर मी ॲल्युमिनियमचा केला. ठरवून. विमानात होकायंत्र असतं, लोखंड वापरायला नको, एवढी अक्कल होती. मिलिंगवर छान पाट्या काढल्या, कडा मोडल्या, वजन कमी करायला आणि हवा खेळायला भोकं पाडली. खाली रबराचा सक्शन कप, तो विंडशील्डच्या बुडाशी मधोमध चिकटवायचा, म्हणजे डावीकडून मलाही दिसेल आणि उजवीकडून शेजारच्यालाही. राहता राहिलं टॅब्लेट पटकन लावणं-काढणं. स्क्रू नको, क्लिपने स्क्रीनची कड झाकली जाते. मग पाटीवर दीड मिलिमीटर पत्र्याचा तुकडा बसवला आणि टॅब्लेटच्या कव्हरच्या पाठीला 10 मिलिमीटर व्यासाचे, 3 मिलिमीटर जाडीचे चार निओडिमियम मॅग्नेट डकवले. ठक करून बसतो, खेचला की निघतो. कारागिरांना दाखवला, त्यांनीही वाहवा केली. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रश्न आला नाही. आम्ही सगळे ग्राइंडरवाले.

या जानेवारीतल्या एका शनिवारी ही पण बरोबर होती. ही ठाण्यात शाळेत गणित शिकवते, आणि उंचावर गेल्यावर तिला भीती वाटत नाही, कंटाळा येतो. म्हणून तिला काहीतरी काम द्यावं लागतं. त्या दिवशी तिने स्वतःच काम आणलं होतं: पाटणादेवी. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला डोंगराच्या कुशीत ते देऊळ आहे, आणि तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. साल 1207. गणिताच्या बाईंना ती जागा वरून बघायची होती. आम्ही चिकलठाण्याला, संभाजीनगरच्या विमानतळावर, जाऊन परत येणार होतो, आणि तो मार्ग नेमका चाळीसगाव आणि कन्नडवरून जातो. साधारण 72 नॉटिकल मैल, दिशा 150 अंश, म्हणजे आग्नेयेपेक्षा जरा जास्त दक्षिणेकडे. फ्लाइट प्लॅन टाकला, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर आले ते नेहमीसारखे तळहातावर लिहिले, आणि आठच्या सुमारास निघालो.

टेक-ऑफच्या वेळी टॅब्लेट हिच्या मांडीवर होता. साडेपाच हजार फुटांवर स्थिर झाल्यावर मी तो नव्या होल्डरला लावला. ठक. सकाळ अशी, की गिरणेच्या काठच्या वीटभट्ट्यांचा धूर उदबत्तीसारखा सरळ वर चाललेला. टॅब्लेटवर आपण बरोबर रेघेवर, ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून होणारी खरी वाट, 150 आणि हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, तीही 150. वारा शून्य.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. सेसनात दिशा दाखवणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक डीआय, जायरोवर चालणारी तबकडी. ती स्थिर असते, वाचायला सोपी, पण हळूहळू सरकते. दुसरं होकायंत्र, विंडशील्डच्या मधल्या पट्टीवर बसवलेलं, द्रवात तरंगणारं. ते झोके खातं, वळताना भलतंच दाखवतं, पण सरळ उडत राहिलं की शेवटी उत्तरेलाच येतं. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी सरळ उडायचं, होकायंत्र वाचायचं आणि डीआय त्याला जुळवून घ्यायचा. सरांनी हे इतकं घोटून घेतलंय, की हात आपोआप जातो. आणि आपल्या भागात चुंबकीय उत्तर नि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच, त्यामुळे डोक्यातल्या डोक्यात बेरीज-वजाबाकीही नाही.

दहा मिनिटांनी हात गेला. होकायंत्र म्हणालं 136. डीआय म्हणत होता 150. चौदा अंशांचा फरक, दहा मिनिटांत. मी मनात म्हटलं, जायरो म्हातारा झालाय, परत गेल्यावर इंजिनिअरला सांगायला हवं. नियमाप्रमाणे डीआय फिरवून 136 वर आणला. मग 150 वर यायला विमान उजवीकडे वळवलं.

दोन मिनिटांत टॅब्लेटवरचा ठिपका रेघेच्या उजवीकडे सरकायला लागला. हेडिंग 150, ट्रॅक 164. धुळे-चाळीसगाव रेल्वेचा रूळ इतका वेळ आमच्या सोबत चालला होता, तोही डावीकडे दूर जायला लागला. (रूळ म्हणजे गरीब पायलटचा व्हीओआर, म्हणजे दिशा दाखवणारा रेडिओ बीकन. बॅटरी लागत नाही.) मी लगेच हिशेब केला. 105 नॉटचा वेग, चौदा अंशांचं वाहून जाणं, म्हणजे डावीकडून, पूर्वेकडून जवळपास 25 नॉटचा वारा. म्हटलं, वर वारा सुटलाय. विमान चौदा अंश डावीकडे वळवलं, आणखी थोडं वळवून रेघेवर आलो, आणि डीआयवर 136 धरून शांतपणे पुढे निघालो. चिकलठाण्याला पोचायला उशीर होईल का, तेही पाहिलं. नाही होणार. पुस्तकात लिहिल्यासारखी दुरुस्ती. मी स्वतःवर खूश होतो.

पाच मिनिटांपूर्वी वारा शून्य होता. खाली धूर सरळ उभा होता. दोन्ही मी बघितलं होतं. पण माझ्याकडे आकडा होता ना, 25 नॉट, आणि आकडा हातात आला की धुराकडे कोण बघतो.

चाळीसगाव बरोबर नाकासमोर आलं. मुंबई-भुसावळ मेन लाइन, त्यावर लांबलचक मालगाडी. पुढे डोंगराची भिंत. ही म्हणाली, "पाटणादेवी कुठे ते मोठं करून बघते," आणि हात लांब करून टॅब्लेट होल्डरवरून खेचला.

होकायंत्राचं कार्ड डुललं आणि हळूहळू फिरत 150 वर येऊन थांबलं.

विमान वळलं नव्हतं. पंख सरळ होते, डीआय 136 वर तसाच होता, समोरचा डोंगर जागचा हलला नव्हता. फक्त होकायंत्र फिरलं होतं.

"अहो, ते हललं."

"काय?"

"ते वरचं, पाण्यातलं."

"झटका बसला असेल."

"झटका नाही बसला. मी हे काढलं आणि ते हललं." मग वर्गात बोलते त्या आवाजात, "एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे."

मी टॅब्लेट तिच्या हातातून घेतला आणि परत लावला. ठक. 136. काढला. 150. लावला. 136. तिसऱ्या वेळी मला वागळे इस्टेट आठवली.

अशी मोठी लाज एकट्यानेच असावी. माझ्या शेजारी साक्षीदार होती. मी टॅब्लेट तिच्या मांडीवर दिला, पलीकडच्या बाजूला, होकायंत्रापासून जितका लांब जाईल तितका. डीआय परत जुळवला. तो 25 नॉटचा वारा त्याच क्षणी पडला. कन्नड, मग उजवीकडे लांब देवगिरी, मग चिकलठाणा. उतरलो, चहा घेतला. या सगळ्या काढ-घालीत पाटणादेवी केव्हाच मागे पडली होती.

परत आल्यावर क्लबच्या इंजिनिअरला सगळं सांगितलं. त्यांनी होल्डर हातात घेऊन बराच वेळ बघितला, कामाचं कौतुकही केलं. मग म्हणाले, "साहेब, मी कंपासला पितळी स्क्रू लावतो, ते काय सोन्यासारखे दिसतात म्हणून?" शिकवताना सरांनी शंभरदा सांगितलं होतं, हेडसेट काढून डॅशवर ठेवू नका, त्यातल्या स्पीकरला चुंबक असतं. हेडसेटचं ऐकलं होतं. टॅब्लेटचं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते लागू नाही असं मी धरून चाललो होतो. आणि निव्वळ माझ्या चार मॅग्नेटची गोष्ट नाही. आयपॅडच्या स्पीकरात चुंबक असतं, आणि 2011 च्या मॉडेलपासून कव्हर चिकटावं म्हणून अंगातही चुंबकं बसवलेली आहेत.

ठाण्याला आल्यावर मला मोजल्याशिवाय चैन पडेना. पुतण्याचं ट्रेकिंगचं होकायंत्र घेतलं. वर्कशॉपमध्ये ठेवलं तर सुई लेथकडे बघत बसली. घरी गच्चीवर नेलं तर स्लॅबमधल्या सळ्यांनी तिला वेड लावलं. शेवटी रविवारी सकाळी सहाला कचराळी तलावावर गेलो, झाडाखाली कडेला लाकडी पाट मांडला, त्यावर होकायंत्र, आणि पट्टी लावून टॅब्लेट जवळ-लांब करत बसलो. फिरायला आलेले दोन आजोबा थांबले. एकांनी विचारलं, "वास्तूचं बघताय का?" हो म्हणालो असतो तर गिऱ्हाईक मिळालं असतं.

आकडे असे आले. मॅग्नेटसकट टॅब्लेट 25 सेंटिमीटरवर ठेवला, विमानात साधारण तेवढंच अंतर होतं, तर सुई 16 अंश सरकली. 50 सेंटिमीटरवर दोन अंश. एक मीटरवर सुई हललीच नाही. कव्हर काढून नुसता टॅब्लेट 25 सेंटिमीटरवर, तरी तीन अंश. अंतर दुप्पट केलं की चुंबकाचा जोर निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. म्हणजे होल्डर मी नुसता हातभर बाजूला लावला असता तर हे काहीच झालं नसतं, आणि मला आयुष्यभर कळलंही नसतं. आणखी एक: पाट फिरवून वेगवेगळ्या दिशांना बघितलं तर चूकही बदलत होती. एका दिशेला 16, दुसऱ्या दिशेला जेमतेम एक. क्लबची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. जमिनीवर, धावपट्टीच्या दिशेला उभं राहून तपासलं असतं तर कदाचित सगळं बरोबर दिसलं असतं आणि मी निर्धास्त वर गेलो असतो.

हे सगळं मित्रांना सांगितलं तर ते म्हणाले, मग काय झालं, पोचलास ना? पोचलो. टॅब्लेटनेच पोचवलं. चूकही त्यानेच केली आणि निस्तरलीही त्यानेच, म्हणून मला चूक दिसली नाही, वारा दिसला. पण मी मे महिन्याचा विचार करतो. समजा तेच थर्मामीटर चाळीसगावच्या अलीकडे आलं असतं. नकाशा गेला. माणूस काय करतो? काही हरकत नाही म्हणतो, होकायंत्र आहे, 150 धरून जाऊ. टॅब्लेट बंद पडला तरी तो होल्डरवर बसलेलाच असतो, आणि मॅग्नेट बंद पडत नाहीत. मी अगदी शिस्तीत, दर दहा मिनिटांनी डीआय जुळवत, चौदा अंश चुकीच्या दिशेला गेलो असतो. साठ मैलांत एका अंशाला एक मैल असा आमचा ठोकताळा आहे. चाळीसगावपासून चिकलठाण्यापर्यंतच्या चाळीसेक मैलांत नऊ-दहा मैल. दिवसा, स्वच्छ हवेत, डाव्या खिडकीतून शहर दिसलंही असतं. धुरकट दुपारी कुणास ठाऊक.

जीपीएसवर पूर्ण भरवसा टाकायचे दिवसही नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात विमानांना जीपीएसचे खोटे संकेत मिळाल्याचं सरकारने संसदेत मान्य केलं आहे. मोठ्या विमानांत अशा वेळी पडताळायला आणखी चार यंत्रणा असतात. माझ्या सेसनात टॅब्लेटच्या पाठी उभं राहायला काय आहे? होकायंत्र, घड्याळ आणि खिडकी. त्यातल्या एकाला मी स्वतः चार मॅग्नेट लावून फितवलं होतं.

टॅब्लेट सोडला का? नाही. कागदी नकाशा गुंडाळीत असतो, बॅगेत, पेन्सिलची रेघ ओढून. पण बघतो मी टॅब्लेटच. फक्त आता तो डाव्या मांडीवर असतो. नवा होल्डर पण ॲल्युमिनियमचाच, भोकं पाडलेला, आणि टॅब्लेट धरायला आडवं-उभं रुंद इलॅस्टिक. ते इलॅस्टिक हिच्या शिवणाच्या डब्यातलं आहे. ठक होत नाही, पण अंगठा रोवायला कड मिळते आणि मांडीवर ऊन पोचत नाही. विमानात चढण्यापूर्वी होल्डर, पेन, गॉगलचं खोकं, सगळं एकेक करून होकायंत्राजवळ नेऊन बघतो. कार्ड हललं तर ती वस्तू मागच्या सीटवर. क्लबमधली पोरं हसतात. मागच्या आठवड्यात त्यांतल्या एकाच्या फोनच्या पाठीवरची चकचकीत रिंग कंपासजवळ नेली, कार्ड गर्रकन फिरलं, तेव्हापासून जरा कमी हसतात.

ते चार मॅग्नेट आता आमच्या फ्रिजवर आहेत. एकाखाली विजेचं बिल, एकाखाली शाळेचं टाइमटेबल, आणि दोहोंखाली मिळून चाळीसगावची तिकिटं. विमानातून काही दिसत नाही, तुम्ही सारखी वस्तू काढून घेता, असं म्हणून हिने परस्पर काढली. ठाण्याहून कल्याण लोकलने, तिथून एक्स्प्रेस, पुढे रिक्षा. मला फक्त पाण्याची बाटली धरायची आहे.